उभ्या वाटणीतलं एक एकर

“बाईचं नाव काढा म्याडम, विषय संपला,” माधवराव म्हणाले. “एक नासका आंबा सगळी अढी नासवतो.”

ज्या बाईचं नाव काढायचं होतं, ती गयाबाई शेजारीच उभी होती. तिच्याच शेतात, तिच्याच तुरीच्या कडेला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माधवरावांकडे न बघता मला म्हणाली, “आंबा नासका हाय का अढीच वली हाय, ते तरी बगा बाई. आलाच हाव तर.”

मी सेंद्रिय प्रमाणीकरणाची निरीक्षक आहे. ‘माझ्या शेतात रासायनिक खत नाही, औषध नाही’ असं शेतकरी सांगतो. ते खरं आहे का, हे बघायला आमची एजन्सी एक माणूस पाठवते. तो माणूस म्हणजे मी. घर नांदेडला, ऑफिस लातूरला, आणि आठवड्यातले बहुतेक दिवस एसटीत नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे.

एकट्या लहान शेतकऱ्याला हे प्रमाणपत्र परवडत नाही. म्हणून गावातले काही शेतकरी मिळून गट करतात. सगळ्यांना मिळून एकच प्रमाणपत्र मिळतं. त्यात सोय आहे तशी मेखही आहे. एका सभासदाच्या शेतात औषध सापडलं, की गटानं त्याच्यावर कारवाई करायची. केली नाही, तर गट खोटा ठरतो आणि सगळ्यांचंच प्रमाणपत्र जातं.

हा गट उदगीरच्या पुढचा, कर्नाटकाच्या अंगाचा. यांची तूर उदगीरची एक डाळमिल वेगळ्या भावानं घेते, पण प्रमाणपत्र असेल तरच. शेंगा भरत असताना मी काही शेतांतून नमुने नेले होते. लॅबचा रिपोर्ट आला. बाकी सगळे स्वच्छ होते. गयाबाईच्या शेंगांत अळीच्या औषधाचा अंश निघाला.

इथपर्यंत माझ्या कामात नवल काही नव्हतं. नवल वाटलं ते ठरावाचं. रिपोर्ट माझ्याकडे आणि गटाकडे आदल्या दिवशी दुपारी आला होता. मी गावात पोचले, तेव्हा गयाबाईला काढून टाकल्याचा ठराव सह्यांसकट तयार होता. हा तोच गट, ज्याला साधी बैठक घ्यायची तर महिना लागतो. कुणाचं लग्न असतं, कुणाची जत्रा असते.

“ठराव कुणी सुचवला?” मी अध्यक्षांना, म्हणजे माधवरावांना विचारलं.

“कुणी म्हंजे? समद्यांचंच मत हाय.”

“समद्यांत मी न्हवते व्हय?” गयाबाई म्हणाली.

“तू आरोपी हायस. आरोपीला कोन इचारतं?”

“आरोपीलाच इचारत्यात माधवभाऊ. कोर्टात तरी.”

मी विचारलं. तिनं सांगितलं ते एवढंच: मालक वारल्यापासून शेत ती एकटी बघते. अळीसाठी निंबोळी अर्क मारते. पंप गटाचा आहे, तो फक्त निंबोळीसाठीच वापरतात आणि माधवरावांच्या गोठ्यात ठेवतात. विकतचं औषध तिनं दारात आणलेलं नाही.

लोक मला असंच सांगतात. खोटं बोलणारेही असंच सांगतात. म्हणून मी आधी गोठ्यात जाऊन पंप बघितला. टाकी उघडून वास घेतला, नोझल सोडवलं, तळाचा गाळ बोटानं काढला. निंबोळीचा कडू वास सोडून काही नव्हतं. शिवाय त्याच पंपानं दुसऱ्यांनीही फवारणी केली होती आणि त्यांचे नमुने स्वच्छ होते. पंप सुटला.

मग मी गयाबाईचं शेत चालून बघितलं. लांबीनं नाही, रुंदीनं. लांबीनं चालायला बराच वेळ लागतो. रुंदी मात्र सुरू होते तोवर संपते.

याला कारण वाटणी. आमच्या भागात भाऊ वेगळे झाले की जमीन बहुधा उभी वाटतात. शेताच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ असतो, खाली नाल्याकडे काळी कसदार जमीन. आडवी वाटणी केली, तर एकाला सगळा माळ जाईल आणि दुसऱ्याला सगळी काळी. म्हणून वरपासून खालपर्यंत उभ्या पट्ट्या पाडतात. प्रत्येकाला थोडा माळ, थोडी काळी. गयाबाईच्या सासऱ्यानं तीन पोरांत तशीच वाटणी केली होती. न्याय चोख होता. फक्त त्या न्यायातून जे शेत निघालं, ते रिबिनीसारखं होतं.

मावळतीकडची पट्टी थोरल्या दिराची, तो गटात होता. मधली गयाबाईची. उगवतीकडची धाकट्या दिराची, नामदेवची, आणि तो गटात नव्हता. आमच्या नियमात अशा बाजूला बफर लागतो. बफर म्हणजे मधली मोकळी पट्टी. शेजाऱ्यानं औषध मारलं तर ते त्या पट्टीत पडावं, पिकावर येऊ नये, यासाठी ती सोडतात.

नामदेवच्या बाजूला मी बफर शोधत होते. सापडली ती मातीची एक उंचवट्याची रेघ. तिच्यावर एक पाय ठेवला, तर दुसरा ठेवायला जागा नव्हती.

“हा बांध?” मी विचारलं.

“व्हता बांध,” गयाबाई म्हणाली. “सासऱ्याच्या वक्ताला ह्याच्यावरनं बैलगाडी जायची. बोरी व्हत्या, गवत व्हतं.”

“मग कुठे गेला?”

“खाल्ला. दरसाली एक तास त्यो खातो, एक तास मी खाते. खोटं कशाला बोलू?”

तास म्हणजे नांगराची एक ओळ. बांध कोरण्यावरून आमच्याकडे डोकी फुटतात, पण कोरणं थांबत नाही. पट्टी इतकी अरुंद असते, की एक ओळ वाढली तरी माणसाला जमीन वाढल्यासारखी वाटते.

मी नामदेवला बोलावून घेतलं. तो मोटारसायकलवरून उतरला तोच तावात.

“मारलं औषध. माझ्या रानात मारलं. गुन्हा हाय का?”

“गुन्हा नाही. कशानं मारलं ते सांगा.”

“ड्रोननं!” तो म्हणाला आणि ताव विसरला. “तूर माणसावर गेलीया बगा. पंप घेऊन आत शिरता येत न्हाई. ड्रोन आला, घुं-घुं करत गेला, चहा पिऊन हुईस्तोवर काम खल्लास.”

“भाड्यानं आणला?”

“भाडं कशाचं? फुकट डेमो व्हता. आप्पांचा.”

आप्पा हे नाव ऐकल्यावर मी वही मिटली. आप्पा औशाकडचे. तिकडे त्यांचं मोठं सेंद्रिय शेत आहे आणि त्याला प्रमाणपत्र आमच्याच एजन्सीचं. जमीन एकाच्या नावावर फार दिसू नये म्हणून घरातल्या सगळ्यांच्या नावांवर वाटलेली. हल्ली त्यांनी या गावच्या नाल्यालगत थोडी जमीन घेतली होती. गावात त्यांचं एकच बोलणं असायचं: पट्ट्या मला कराराने द्या, मी बांध मोडतो, एक सलग सेंद्रिय शेत करतो, तुम्ही घरी बसून खा. दोघेतिघे त्यांच्याकडे वळलेही होते.

माझे वडील सभांमध्ये पत्रकं वाटायचे. ‘कसेल त्याची जमीन’ हे मी पाढ्यांच्या आधी वाचलं. ‘घरी बसून खा’ असं जमीनवाला म्हणाला, की माझे कान उभे राहतात.

“डेमो आणखी कुणाकुणाच्या शेतात झाला?” मी विचारलं.

“माझ्या एकट्याच्याच.”

“तुम्ही मागितला होता?”

“म्या कशाला मागू? पोरगं घेऊन आलं, म्हनलं आप्पांनी धाडलंय. फुकटचं कोन न्हाई म्हनतंय?”

सेंद्रिय माल विकणारा माणूस रासायनिक फवारणीचा फुकट डेमो देतो. गावात एवढी शेतं असताना देतो एकाच पट्टीत, आणि ती पट्टी असते गटातल्या बाईला लागून. मी माधवरावांकडे बघितलं. ते तुरीच्या शेंगा मोजल्यासारखे बघत होते.

मी बाजूला जाऊन ऑफिसला फोन लावला. आमचे प्रमुख बिरादार सर.

“सर, पुन्हा सॅम्पल घ्यायचंय. दोन्ही कडांचं वेगळं, मधलं वेगळं.”

याचं कारण सोपं आहे. शेतकऱ्यानं स्वतः औषध मारलं, तर ते सगळ्या शेतात जवळपास सारखं सापडतं. शेजारून उडून आलं, तर त्या कडेला जास्त, मध्ये कमी आणि पलीकडे नाहीच, असं सापडतं. हिवाळ्यात इकडे वारं उगवतीचं. नामदेवची पट्टीही उगवतीलाच.

“कशाला लांबवतेस?” सर म्हणाले. “त्यांनी ठराव केलाय ना? एक नाव गेलं की गट वाचतो.”

“सर, ठराव झाल्याचं मी तुम्हाला अजून सांगितलेलं नाही.”



“माधवरावांचा फोन आला होता. घाबरले होते. मी मार्ग सुचवला.”

“बाईचं शेत न बघता?”

“तू नवीन आहेस. लहान शेतकऱ्यांचे गट हे कटकटीचं काम. आप्पांसारखं एक शेत तपासायचं तर एक दिवस. या गटाला आठवडा.”

“म्हणून सॅम्पल घेऊ नको?”

“घे,” सर म्हणाले. “पण त्यात तिच्या बाजूनं काही निघालं नाही, तर बाई बाहेर. लेखी देशील तसं.”

“देते.”

प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे, वेगळी पिशवी, वेगळं सील. सीलवर साक्षीदाराची सही लागते. मी मुद्दाम नामदेवची घेतली. तो म्हणाला, “माझ्याच इरोधात माझीच सही?” गयाबाई म्हणाली, “कर की. ड्रोनला हात न्हाईत सही कराया.”

रिपोर्ट यायला वेळ होता. त्या दरम्यान आप्पांच्या शेताची वार्षिक तपासणी माझ्याच वाट्याला आली. खरं सांगते, मी दोष शोधायलाच गेले होते. खतांची खोली बघितली. कचऱ्याच्या खड्ड्यात काठी घालून रिकामे डबे शोधले. गड्यांना एकेकटं गाठून विचारलं. काही सापडलं नाही. गांडूळखताचे हौद नीट भरलेले, गोठा धुतलेला, बांधावर कडुनिंब आणि करंज, बांध इतके रुंद की जीप जावी.

दुपारी त्या बांधावर बसून भाकरी खाताना मला एक हिशोब लक्षात आला. पत्रकांत तो कधी वाचला नव्हता. शेत मोठं झालं की कडा त्या मानानं कमी होते. आप्पांनी चारी बाजूंनी बफर सोडला, तरी आत भरपूर शेत उरतं. गयाबाईनं नियमाप्रमाणे बफर सोडला, तर तिचं पेरणीचं रान कुठल्या कुठे जातं. मोठं शेत बहुतेक आत असतं. लहान शेत बहुतेक कडेला असतं. म्हणजे आप्पांचा चोखपणा खरा होता, पण त्यातला बराचसा त्यांच्या शेताच्या आकाराचा होता.

आणि आत काय होतं? ऊस. अगदी सेंद्रिय, सरीसरीतून पाणी खळखळणारा. ज्या जिल्ह्याला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या जिल्ह्यात. बोअर किती आहेत हे मी मोजायला लागले, तेव्हा आप्पा मागून आले.

“बाई, बोअरचा रकाना तुमच्या फॉर्मात न्हाई,” ते हसत म्हणाले. माणूस गोड बोलतो. चहाही चांगला पाजतो.

“नाही. म्हणूनच मोजते.”

“मोजा. पर एक सांगतो, पट्टीत सेंद्रिय म्हंजे पोरखेळ हाय. ह्यानं मारलं की त्याच्यात, त्यानं मारलं की ह्याच्यात. सलग रान पायजे.”

“म्हणून ड्रोनचा डेमो पट्टीत दिलात?”

आप्पांचं हसू जागचं हललं नाही. “मागितला असंल कुनी.”

“नामदेव म्हणतो, मागितला नव्हता.”

“मग त्या पोरानं दिला असंल. नवी मशीन हाय, हौस असती. मी काय ड्रोनसंगं हिंडतो व्हय?” त्यांनी माझ्या कपात पुन्हा चहा ओतला. “बिरादारसायबांना नमस्कार सांगा.”

परतीच्या एसटीत मी हे बोलणं उलटसुलट करून बघितलं. त्यात पुरावा म्हणावा असं एक वाक्य नव्हतं.

रिपोर्ट आला. उगवतीच्या कडेला अंश ठळक, मध्ये जेमतेम, मावळतीच्या कडेला काही नाही. उडून आलेलं औषध. गयाबाईनं मारलेलं नव्हतं.

गावच्या समाजमंदिरात मी गटाला निर्णय सांगितला. गयाबाईची या वर्षीची तूर सेंद्रिय म्हणून विकता येणार नाही, कारण अंश तर आहेच. पण दोष तिचा नाही, तिचं नाव गटात राहील आणि बाकीच्यांची तूर मिलला जाईल. अट एक: उगवतीच्या बाजूला बफर पाहिजे, नाहीतर पुढच्या हंगामात पुन्हा हेच.

माधवरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. “मग सोपं हाय. गयाबाईनं कडंच्या वळी सोडाव्यात.”

“सोडते की,” गयाबाई म्हणाली. “बफर सोडते, बांध सोडते, आन मधी उरंल त्या जागंत तुळस लावते. तिचंबी सर्टिफिकेट द्या.”

लोक हसले. नामदेव दाराशी उभा होता, तोही हसला. ते बघून ती त्याच्याकडे वळली.

“हास. म्या ठरवलंय. आप्पाला देते पट्टी.”

नामदेवचं हसणं थांबलं. “काय बोलायलीस वैनी?”

“का? तुझ्या ड्रोननं माझी तूर बाटली. ह्या भाऊलोकांनी मला न इचारता ठराव केला. मला कुनाची पडली? पट्टी देते, संगं हिरीतली माझी पाळीबी देते.”

तिन्ही भावांची विहीर एकच. पाणी पाळीनं घ्यायचं. माझ्या ध्यानात आलं, ते नामदेवच्या आधीच ध्यानात आलं होतं.

“आप्पा पाळीवर थांबतोय व्हय!” तो म्हणाला. “त्यो हिरीला लागून बोर मारील. ऊस लावील.”

“लावू दे. सेंद्रिय असंल.”

“आन मी काय प्यावं? माझी जनावरं काय पितील?”

“ड्रोन सांग पाठवाया. पानी घेऊन यील.”

आता कुणी हसलं नाही. नामदेव माझ्याकडे वळला. “म्याडम, आप्पाचं रान तुमी बगून आलाव. खरंच लई बोर हायत?”

एका शेतकऱ्याची माहिती दुसऱ्याला देणं आमच्या नियमात बसत नाही. मी तसंच सांगितलं, “त्यांच्या शेताबद्दल मला काही सांगता येणार नाही.”

“घ्या,” गयाबाई म्हणाली. “बोर न्हाईत असं म्हनल्या का त्या? म्हनल्या न्हाईत.”

नामदेव आत येऊन सतरंजीवर बसला.  मग त्यानं मला विचारलं, “म्या गटात आलो तर बफर लागतो का?”

“तुम्ही औषध थांबवलं, तर त्या बाजूनं धोकाच राहत नाही. मग तुमच्या दोघांच्या मध्ये बफर लागणार नाही. तुमच्या पलीकडच्या अंगाला मात्र सोडावा लागेल.”

“पल्याड त्योच नाला वळून आलाय. तिथं आपसूकच सुटलेलं हाय.”

“तुमचा माल सेंद्रिय म्हणून विकायला दोनतीन वर्षं जातील. तोवर साधाच भाव.”

“आन अळी?”

“निंबोळी मी करून देते,” गयाबाई म्हणाली. “पर वेचायला तुझ्या बायकूला धाड. फुकट डेमो न्हाई.”

“आन बांध?”

“त्यो र्‍हाऊ दे हाय तेवढा. आता खाल्लास तर हात मोडीन.”

माधवरावांनी ठरावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मी तो मागून घेतला आणि सगळ्यांसमोर रद्द लिहून घेतलं. ते आप्पांच्या सांगण्यावरून वागले की नुसते घाबरले होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांना विचारलं, तर ते म्हणतात, “म्या गट वाचवला.” गट वाचला, हे खरं आहे. त्यांच्यामुळे नाही, एवढंच.

अशा रीतीनं एका म्हाताऱ्यानं तीन पोरांत वाटलेलं शेत औषधापुरतं पुन्हा एक झालं. मालक तीनच राहिले. आप्पांना सलग रान पाहिजे होतं. सलग रान करायला मालक एकच असावा लागतो, हे तेवढं त्यांनी वरून जोडलेलं होतं.

लातूरला गेल्यावर मी दोन्ही रिपोर्ट सरांपुढे ठेवले. गटाच्या रिपोर्टवर त्यांनी सही केली. आप्पांच्या रिपोर्टवर ते थांबले.

“शेऱ्यात हे बोअरचं काय लिहिलंय?”

“जमिनीखालचं पाणी संपवणारी शेती टिकाऊ कशी, असं विचारलंय.”

“आपण पाण्याचं प्रमाणपत्र देत नाही.”

“म्हणूनच विचारलंय.”

“आणि हा ड्रोनचा परिच्छेद? पुरावा?”

“नाही सर.”

त्यांनी दोन्हींवर रेघ मारली आणि सही केली. आप्पांचं प्रमाणपत्र पुढे चालू राहिलं. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. नियम मोठ्या शेताच्या मापानं शिवलेला आहे, त्यामुळे तो त्यांच्या अंगावर नीट बसतो. लहान शेताला तोच नियम घालायचा, तर आधी शेजारी सोबत घ्यावा लागतो. हे नियमात कुठेही लिहिलेलं नाही.

मी माझ्यापुरता कामात एक बदल केला. आता गटाची तपासणी असली, की सभासदांच्या आधी मी त्यांच्या सभासद नसलेल्या शेजाऱ्यांकडे जाते. चहा तिथेच घेते. आणि हल्ली काही फुकट मिळालं का, ते विचारते.